हेलसिंकी ते टोकियो : जवळची वाट आणि मोकळी वाट

शासकीय सेवेत आम्ही पुष्कळ वर्षे प्रवासभत्त्याची देयके तपासली. 'सर्वांत जवळच्या मार्गाने' ही त्यांतील ठरलेली अट. आकाशात ना घाट ना नदी, तेव्हा तेथे तरी ही अट निर्विवाद असेल, अशी आमची समजूत होती. हेलसिंकी आणि टोकियोजवळचे नारिता या दोन विमानतळांमधील अंतर काढावयास बसलो, तेव्हा ती ढळली.

गणित तसे जुनेच आहे. पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्याच्या कंसावरून दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर मिळते. दोन्हीकडचे अक्षांश आणि रेखांशांतील फरक एवढेच हाताशी लागते. सूर्यसिद्धान्तात जिला उत्क्रमज्या म्हटले आहे, तिच्या निम्म्याला इंग्रज नौकानयन-शिक्षक जेम्स इनमन यांनी 1835 मध्ये 'हॅवरसाइन' हे नाव दिले. त्यांचे कोष्टक उघडून खलाशी गुणाकाराच्या जंजाळातून सुटत. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने या उत्तरात किंचित चूक राहते. ती दूर करणारी व्हिन्सेंटी यांची रीत 1975 मध्ये प्रसिद्ध झाली.

आमच्या हिशेबाने कंस सुमारे 70.4 अंशांचा आला. एका अंशाला 111.2 किलोमीटर धरता अंतर सुमारे 7,830 किलोमीटर होते. नकाशावर टोकियो आग्नेयेस दिसते. पण ही वाट हेलसिंकीहून निघते ती ईशान्येस, आणि उत्तर ध्रुववृत्त ओलांडून मग दक्षिणेकडे वळते. भिंतीवरच्या नकाशाने आमच्या पिढीला किती फसविले, हे पृथ्वीगोलावर दोरा ताणला म्हणजे कळते.

परंतु या वाटेखाली जवळजवळ सर्वत्र रशिया पसरलेला आहे. सोव्हिएत संघ पाश्चात्त्य विमानांना सायबेरियावरून सहजासहजी जाऊ देत नसे. म्हणून 1983 मध्ये फिनएअरने हेलसिंकी–टोकियो ही विनाथांबा सेवा सुरू केली ती थेट उत्तर ध्रुवावरून, बेरिंगच्या सामुद्रधुनीमार्गे. त्या वळशाचे तीन तुकडे करून आम्ही बेरीज केली, ती साडेदहा हजार किलोमीटरच्या वर गेली. प्रवासास सुमारे तेरा तास लागत. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले. त्यातील 269 माणसे मृत्यू पावली. तो वळसा उगाच घेतला जात नव्हता.

पुढे सायबेरियाचे आकाश खुले झाले आणि हाच प्रवास सुमारे साडेनऊ तासांवर आला. जपान, चीन, कोरिया यांना युरोपशी जोडणारा जवळचा दुवा म्हणून फिनएअरने आपला व्यवसाय या वाटेवरच उभारला. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, आणि रशियाने त्याची परतफेड केली. मार्चमध्ये फिनएअरची टोकियो सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा विमानाने जुनाच ध्रुवीय वळसा घेतला. वेळ पुन्हा तेरा तासांच्या घरात गेली. अक्षांश-रेखांश मात्र तेच होते, आणि कागदावरचे 7,830 किलोमीटरही.