हत्तीशेजारी तंबू ठोकण्याची जुनी हौस

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आमच्या सेक्टरमधल्या एका मित्राने मोबाईल पुढे केला. जाहिरात होती. जंगलात पांढरे कापडी तंबू, आत मोठा पलंग, बाहेर लाकडी ओटा, आणि ओट्यापासून दहा पावलांवर हत्ती. खाली लिहिलेलं : 'इको-फ्रेंडली लक्झरी टेंट, एथिकल एलिफंट एन्काउंटर'. एका रात्रीचं भाडं आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या महिन्याच्या पगाराएवढं. मित्राला डिसेंबरच्या सुट्टीत पोरांना घेऊन जायचंय. म्हणाला, "तू बातम्यांतला माणूस. यात पाप तर नाही ना रे?"

तेव्हा मी "बघतो" म्हणून वेळ मारून नेली. पण तो 'एथिकल' शब्द काही डोक्यातून जाईना. आजवर आपण हत्तीला जे भेटत आलो ते काय होतं मग? म्हणून जुनं थोडं चाळलं.

सुरुवात घरापासून करू. आपल्या रायगड जिल्ह्यात रानहत्ती नाहीत, पण जिल्ह्यातलं जगप्रसिद्ध बेट हत्तीच्या नावानेच ओळखलं जातं. उरणच्या मोरा बंदरातून होडीने घारापुरीला जाताना परदेशी पाहुणे 'एलिफंटा' म्हणतात, ते पोर्तुगीजांनी ठेवलेलं नाव. त्यांना बेटावर उतरल्यावर एक प्रचंड दगडी हत्ती दिसला होता. लेणी किती भव्य, तरी नाव पडलं ते हत्तीवरून. 1814 साली या हत्तीची मान आणि डोकं कोसळलं. पुढे साहेबाला तो इंग्लंडला न्यायचा होता, उचलताना तो आणखी फुटला. 1864 मध्ये तुकडे मुंबईत राणीच्या बागेत आणून टाकले आणि 1914 मध्ये ते जोडून पुन्हा उभे केले. आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात जुना हत्तीसुद्धा मूळ जागी नाही, हलवलेलाच आहे.

दुसरे हत्ती रायगडावरचे. 1674 ला शिवराज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला होता. राजवाड्याच्या दाराशी त्याने दोन छोटे हत्ती पाहिले आणि त्याला प्रश्न पडला, की असल्या बिकट वाटेने हे वर आले कसे? पिल्लं असतानाच चढवून आणली आणि वर वाढवली, असं गडावरचे गाईड आजही सांगतात. त्यांना पाणी पाजायचा हत्ती तलाव आहे, हत्तीखान्याची जागा आहे. हत्ती म्हणजे राज्य, वैभव, दरारा. ते ठीकच. पण ते पिल्लू आईपासून तोडून आणलेलं असणार, हा विचार इतक्यांदा गड चढूनही माझ्या मनात कधी आला नव्हता. या पोस्टच्या निमित्ताने पहिल्यांदा आला.

तंबू आणि हत्ती यांची जोडी आपल्याकडे आधी लष्कराच्या छावणीत जमली. मराठ्यांच्या उत्तरेतल्या छावण्यांत डेरे, राहुट्या, कनाती आणि एका अंगाला पीलखाना असायचा. पानिपतावर 14 जानेवारी 1761 ला विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामा हौदा बघून फौजेचा धीर सुटला, असं आपण शाळेत शिकलो. हत्ती तेव्हा जिवंत झेंडा होता. झेंड्याला दुखतंखुपतं का, हे कोण विचारणार?

कोल्हापूर आणि बडोद्याला तर साठमारी चालायची. मस्तीला आलेल्या हत्तीला माणसांनी चिडवायचं, तो अंगावर आला की दगडी आडोशामागे लपायचं, आणि लोकांनी वरून बघायचं. कोल्हापुरात साठमारीची जागा आजही लोक दाखवतात.

मात्र त्या जाहिरातीतल्या कॅम्पचे खरे पणजोबा आहेत कर्नाटकात, काबिनी नदीकाठी. आपल्याकडची बरीच मंडळी काबिनीला जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

म्हैसूर संस्थानात सँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1873-74 मध्ये खेड्डा यशस्वी केला. खेड्डा म्हणजे रानहत्तींचा अख्खा कळप एका दमात पकडणं. ढोल, मशाली, बंदुकीचे बार घेऊन शेकडो हाके करणारे कित्येक दिवस कळपाला रेटत आणायचे. जंगल माहीत असलेले कुरुबा आदिवासी माग काढायचे. ओंडक्यांचं भक्कम कुंपण आधीच तयार असायचं. कळप आत शिरला की दोर कापून दरवाजा खाली पाडायचा. मग पाळीव हत्ती आत सोडायचे. ते रानटी हत्तींना दोन्ही बाजूंनी दाबून धरायचे आणि माणसं त्यांच्या पोटाखालून जाऊन पायाला दोर बांधायची.

पुढे काकनकोटच्या जंगलात हे काम नदीतूनच होऊ लागलं. कळप काबिनीच्या पात्रातून पलीकडच्या कुंपणात हाकायचा. हे दृश्य इतकं भारी, की संस्थानाने त्याचा सोहळा केला. राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर 1889 मध्ये म्हैसूरला आला, त्यालाही खेड्डा दाखवला. पुढे व्हाइसरॉय येत राहिले. पाहुण्यांसाठी कारापूरला मुक्काम. उत्तम तंबू, उत्तम जेवण, बसून बघायला मचाण. खाली नदीत माद्या पिल्लांना मधे घेऊन ओरडताहेत आणि वर टाळ्या.

हे सगळं फार जुनं वाटत असेल तर ऐका. शेवटचा खेड्डा 1971 च्या जानेवारीत झाला. माझ्या जन्माच्या जेमतेम काही वर्षं आधी. त्यानंतर काबिनीवर धरण आलं, काकनकोटचा बराच भाग पाण्याखाली गेला. 1972 ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1977 ला हत्ती त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. आता उन्हाळ्यात त्याच जलाशयाच्या काठावर हत्तींचे मोठे कळप उतरतात आणि आपण पैसे भरून होडीतून, जीपमधून त्यांचे फोटो काढतो. बघणारे तेच, जागाही तीच. दोर तेवढा गेला. पण हा फरक छोटा नाही बरं का. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

राजेमहाराजांचा तंबू गेला, पण सामान्य मराठी माणसाच्या वाट्याला दुसरा आला. सर्कशीचा. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' काढली, ती भारतीय माणसाची पहिली सर्कस. सांगली-कुरुंदवाडचा पट्टा पुढे सर्कसवाल्यांचा म्हणूनच ओळखला गेला. मी लहानपणी सर्कशीत हत्तीला स्टुलावर बसताना आणि फुटबॉल मारताना बघितलंय. माझे हात टाळ्या वाजवून लाल झाले होते. आज तो स्टूल आठवला की कसंतरी होतं, पण तेव्हा झालेला आनंद खोटा होता असंही मी म्हणणार नाही.

1998 मध्ये सरकारने सर्कशीत वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांच्यावर बंदी घातली. यादीत हत्ती नव्हता. सर्कशी चालल्या त्या हत्तीवरच. 2009 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयं आणि सर्कशीतले हत्ती बाहेर काढायचा आदेश दिला.

आणि रस्त्यावरचे हत्ती? ते तर आपण सगळ्यांनी पाहिलेत. डांबरी रस्त्यावर भर उन्हात हत्तीण, वर माहूत, सोंडेत दहाची नोट. आई पोराला सोंडेखालून काढायची. मुंबईत अशीच भीक मागणारी बिजली नावाची हत्तीण 2013 च्या जूनमध्ये मुलुंडला कोसळली. लोकांनी केळी, कलिंगडं आणली, डॉक्टर आले, क्रेनने उभं करून बघितलं. महिनाअखेरीस ती गेली. आयुष्यभर डांबर तुडवून पाय गेलेले. त्या दहाच्या नोटांत माझीही एक असेल.

आता अलीकडचं, आणि जरा नाजूक. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी, म्हणजेच माधुरी हत्तीण. 1992 पासून मठात होती. तिची पायाची दुखणी, संधिवात, एकटेपणा यावर प्राणीहक्कवाल्यांनी तक्रार केली. उच्च न्यायालयाने 16 जुलै 2025 ला तिला जामनगरच्या वनतारात पाठवायचा आदेश दिला, 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि ती गेली. निरोप देताना गावच्या गाव रडलं. ऑगस्टमध्ये नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूकमोर्चा निघाला, लोकांनी मोबाईलची सिमकार्डं बदलली. शेवटी वनताराने नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली.

त्या वेळी मी एका बाजूने काहीतरी खरमरीत लिहावं, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. लिहिलं नाही, कारण मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या. लोकांचं प्रेम खरं होतं. तिचे पाय दुखत होते, हेही खरं होतं. हत्ती हा कळपाने जगणारा प्राणी, त्यातही मादी जन्मभर आई-मावश्या-बहिणींच्या सोबत राहते. तेहतीस वर्षं तिला दुसरी हत्तीण नव्हती, हे प्रेमाने कसं भरून निघणार? पण कोर्टाचा कागद दाखवून रातोरात गाडीत चढवणं, ही सरकारी तऱ्हाही गळी उतरत नाही. ज्योतिबाच्या सुंदर हत्तीच्या वेळी, 2014 मध्ये तो बन्नेरघट्ट्याला गेला तेव्हाही, हाच गोंधळ झाला होता. अकरा वर्षांत आपण काही शिकलो नाही. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात म्हाताऱ्या हत्तींना ठेवायला स्वतःची धड जागा का नाही, हा प्रश्न तेव्हाही कुणी लावून धरला नाही.

तसा राज्याचा एक हत्ती कॅम्प आहे. गडचिरोलीत, अहेरी तालुक्यात कमलापूरला. तिथले हत्ती पूर्वी लाकूड ओढायचे. आता ते काम नाही, लोक बघायला येतात. मला तिथली एक गोष्ट फार आवडते. दरवर्षी हिवाळ्यात हत्तींना काही दिवस सुट्टी मिळते. त्या दिवसांत वनौषधींचा गरम लेप करून त्यांचे पाय शेकतात, त्याला 'चोपिंग' म्हणतात. तेव्हा पर्यटकांना कॅम्प बंद. 2022 मध्ये इथले हत्ती गुजरातला न्यायची टूम निघाली तेव्हा गावकरी आडवे आले आणि कमलापूरचे हत्ती कमलापुरात राहिले. तिथे आलिशान तंबू नाही. डॉक्टर, माहूत, सोयी यांची रड कायमची. पण पाहुण्यांना 'आज हत्ती सुट्टीवर आहेत' असं सांगणारी ही जागा आहे.

जाहिरातीतली कल्पना आली कुठून, तेही सांगतो. थायलंडने 1989 मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली. लाकूड ओढणारे हजारो हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले, बँकॉकच्या रस्त्यांवर भीक मागायला आले. बिजलीचीच गोष्ट, फक्त देश वेगळा. मग काहींना पर्यटनात आणलं. उत्तरेला गोल्डन ट्रँगल भागात तंबूंची महागडी हॉटेलं निघाली, पाहुण्यांच्या पैशातून हत्ती पोसायचे. आधी पाठीवर बसवायचे, जगभर ओरड झाल्यावर बरोबर चालणं आणि आंघोळ घालणं आलं. आता आंघोळीवरही आक्षेप आहेत, आणि ते उगाच नाहीत. 2025 च्या जानेवारीत थायलंडच्या एका बेटावर हत्तिणीला आंघोळ घालताना 22 वर्षांची स्पॅनिश विद्यार्थिनी जिवाला मुकली. दिवसभरात कितीतरी अनोळखी माणसांनी अंगाला हात लावलेला सहन करणारा हत्ती एक तर थकलेला असतो, नाही तर कधीतरी मोडून काढलेला असतो.

उलट मथुरेजवळ 2010 पासून वाइल्डलाइफ एसओएसचं केंद्र आहे. तिथे सर्कशीतून, रस्त्यावरून सोडवलेले हत्ती राहतात. बसणं नाही, खेळ नाही. ते चालताना, पाण्यात डुंबताना लांबून बघायचं.

तर मित्राला मी काल उत्तर दिलं. म्हटलं, तंबूचं पाणी सोलरवर तापतं का, हे नंतर विचार. आधी फोन करून विचार, की हत्ती आले कुठून, मालकीचा कागद कुणाच्या नावावर आहे, रात्री साखळी असते का, सोबत दुसरे हत्ती आहेत का, माहुताला पगार किती, त्याचं घर कुठे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हत्तीला त्या दिवशी यायचं नसेल तर पैसे परत मिळतात का?

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. सोलरचं उत्तर लगेच आलं. शेवटच्या प्रश्नावर म्हणाली, "सर, डोंट वरी, एलिफंट रोज येतो. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच."

मित्राने फोन ठेवला. बुकिंग अजून केलेलं नाही, रद्दही केलेलं नाही. बायकोशी बोलून ठरवतो म्हणाला. पोरांनी मात्र हत्ती बघायचाच म्हणून घर डोक्यावर घेतलंय, तेव्हा येत्या रविवारी त्यांना आणि माझ्या लेकीला घेऊन कुर्ल्याला गाडी बदलून भायखळ्याला जातोय, घारापुरीचा दगडी हत्ती दाखवायला. कुणाला यायचं असेल तर सांगा, पनवेल स्टेशनवर तिकीट खिडकीजवळ सकाळी नऊला भेटू.