कोयना धरण

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, हेळवाकजवळ कोयना नदीवर बांधलेले जलविद्युत धरण. उंची १०३ मी., लांबी सुमारे ८०७ मी.; बांधकाम रबल काँक्रीटचे. शिवाजीसागर जलाशयाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या या नदीचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे नेऊन कोकणच्या बाजूला उतरवले जाते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून बाहेर पडलेल्या पाण्यावर कोळकेवाडीत पुन्हा वीज होते आणि अवजल वाशिष्ठी नदीला मिळते. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून पाणी घेण्यात आले. पायथा वीजगृह धरून स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. राज्याची विजेची मागणी एकाएकी वाढली, की ही जनित्रे काही मिनिटांत भार उचलतात. कोयनेचे खरे मोल यातच आहे.

वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. पाणी साठू लागल्यापासून परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. गुरुत्वीय त्वरणाच्या केवळ पाच टक्के आडवा धक्का गृहीत धरून आखलेले धरण उभे राहिले. पण खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथे त्याला आडव्या भेगा गेल्या. पुढे भेगा भरून, पायथ्याकडून काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण मात्र २००६ पर्यंत लांबले. हा विलंब समर्थनीय नाही. जलाशयप्रेरित भूकंपाचे उदाहरण म्हणून कोयनेचा अभ्यास जगभर होतो. त्यासाठी कोयना परिसरात तीन कि.मी. खोल विंधनविवरही घेतले गेले आहे.

धरण जलसंपदा विभागाकडे आणि वीजगृहे महानिर्मितीकडे आहेत. धरण सुरक्षितता संघटनेचे कार्यालय नाशिकला आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पावसाळ्यापूर्वीची व नंतरची तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला. सहा वक्री दरवाज्यांतून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळून सांगलीकडे जाते. त्यामुळे तपासणीचे निष्कर्ष आणि विसर्गाचे वेळापत्रक नदीकाठच्या ग्रामसभांना सोप्या मराठीत दरवर्षी मिळायला हवे. धरणासाठी घरेदारे सोडलेल्या कुटुंबांचे पुनर्वसनही अद्याप पूर्ण झालेले नाही.