वाहतूक नियमन, तंत्रज्ञानाधारित : जुन्नर–आंबेगाव

रस्त्यावरची वाहने मोजणे, त्यांना वाट देणे किंवा थोपवणे आणि पुढच्या रस्त्याची स्थिती चालकाला आधी कळवणे, ही कामे यंत्रांच्या मदतीने करण्याची पद्धत. मोठ्या शहरांत तिचे ओळखीचे रूप म्हणजे चौकातला सिग्नल. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत मात्र कोंडीची जात वेगळी आहे. ती रोजच्या नोकरीधंद्याच्या वेळांपेक्षा पिकांच्या हंगामाला, बाजाराला आणि यात्रा-सणांना बांधलेली असते. त्यामुळे चौकात आलेल्या गर्दीला शिस्त लावणाऱ्या तंत्रापेक्षा, गर्दी चौकात येण्याआधी तिची खबर देणारे तंत्र इथे अधिक उपयोगी पडते.

पुणे–नाशिक राष्ट्रीय महामार्ग (क्र. ६०) मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा उत्तरेला जातो. आळेफाट्यावर माळशेज घाट चढून येणारा कल्याण–अहिल्यानगर मार्ग (क्र. ६१) त्याला छेदतो. या दोन मार्गांवर लांब पल्ल्याचे ट्रक धावतात आणि त्यांच्याच जोडीला स्थानिक वाहतूक असते : नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचे क्रेट आणणारे पिकअप, ओझर व लेण्याद्रीला निघालेल्या अष्टविनायक यात्रेच्या गाड्या, गळीत हंगामात निवृत्तीनगरच्या विघ्नहर आणि दत्तात्रयनगरच्या भीमाशंकर साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण रस्त्यांसाठी दिलेल्या मापांत मोटारगाडी १ धरली, तर मोटारसायकल ०.५, ट्रक किंवा एसटी ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ६ ते ८ भरते. म्हणजे उसाच्या वीस ट्रॉल्या रस्त्याला नव्वद मोटारींइतक्या जड जातात. नुसती वाहनांची संख्या मोजणारे यंत्र इथे चुकीचे चित्र उभे करते, ते यामुळेच.

पुण्यात गर्दीप्रमाणे वेळ बदलणारे सिग्नल बसले, मग तेच मंचर-नारायणगावला का नकोत, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली मांडलेल्या सूत्रात सापडते. दिवे बदलताना फुकट जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करून त्यांत ५ मिळवायचे आणि त्या बेरजेला, चौकाच्या क्षमतेपैकी शिल्लक राहिलेल्या भागाने भागायचे. आलेला आकडा म्हणजे सिग्नलच्या एका फेरीची योग्य लांबी. दहा सेकंद फुकट जात असतील आणि चौक ६० टक्के भरलेला असेल, तर फेरी ५० सेकंदांची होते. तोच चौक ९० टक्के भरला की फेरी २०० सेकंदांवर जाते. पुढे सूत्र हात टेकते, कारण सिग्नल असलेली क्षमता वाटून देतो, नवी निर्माण करत नाही. त्यात भरलेली ट्रॉली दिवा हिरवा झाल्यावर जागची हलायलाच वेळ घेते. बाजाराच्या दिवशी चौक तुंबल्यावर सर्वांत हुशार सिग्नलही रांगेची लांबी या बाजूची त्या बाजूला करण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

बाह्यवळण रस्ते झाल्यावर हा प्रश्न उरलाच कुठे, असाही आक्षेप घेतला जातो. खेड, मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा येथील बाह्यवळणांनी पुणे–नाशिक वाहतूक गावाबाहेर काढली, हा उपकार मोठाच आहे. पण बाजारात येणारा शेतमाल आणि जुन्नरकडे वळणारी यात्रा गावातच शिरते. चाळकवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅगमुळे प्रत्येक गाडीची वेळ व प्रकार नोंदला जातो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग देशभर सक्तीचा आहे. ही नोंद पुढच्या फाट्यावरच्या पोलिसांना आगाऊ अंदाज देऊ शकते. मात्र दुचाकी आणि ट्रॅक्टर यांना सहसा टोल नसतो, म्हणजे स्थानिक कोंडी करणारी वाहनेच या नोंदीतून निसटतात. त्यांच्यासाठी बाजार समितीचे फाटक आणि कारखान्याचा वजनकाटा हीच खरी मोजणीची ठिकाणे आहेत, आणि तिथल्या नोंदी रस्त्याच्या कामी आणायला महागडे यंत्र लागत नाही.

कॅमेऱ्यांचा मुद्दा वेगळा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १३६-अ आणि २०२१ चा नियम १६७-अ यांमुळे राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार मिळाला. कॅमेऱ्याआधी सूचनाफलक हवा आणि उल्लंघनाची सूचना १५ दिवसांत पोचायला हवी, ही त्यातली बंधने योग्यच आहेत. पण रात्री महामार्गावर धोका निर्माण होतो तो वेगांतल्या फरकातून. कॅमेरा भरधाव मोटार टिपतो. तिच्यापुढे अंधारात संथ चालणारी, मागे दिवा नसलेली ट्रॉली त्याच्या लेखी निर्दोष असते. तिच्या पाठीला लावलेली परावर्तक पट्टी हे अतिशय स्वस्त तंत्रज्ञान आहे, आणि कॅमेऱ्याइतकाच आग्रह तिच्यासाठीही धरायला हवा.

पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात आगाऊ खबरेचे मोल आणखी वाढते. श्रावणात भीमाशंकरला जाणारी गर्दी मंचर–घोडेगाव–डिंभे–तळेघर या वाटेवर साचते आणि वर गाड्या उभ्या करायला जागा नसते. खासगी गाड्या अलीकडे थांबवून भाविकांना एसटीने वर नेण्याची पद्धत तिथे वापरली जाते. वाहनतळ भरल्याचा फलक मंचरलाच दिसला, तर घाटात अडकण्याऐवजी माणूस तिथेच वेगळा निर्णय घेऊ शकेल. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरड कोसळल्यावर आळेफाट्यालाही असाच फलक हवा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले आणि १५० हून अधिक माणसे दगावली. गाव दिसत नाही हे त्या रस्त्यावरच्या एसटी चालकाच्या लक्षात आले आणि त्याने ते बाहेर कळवले. या खोऱ्यांत आजही रस्त्याची पहिली बातमी अशा चालकाकडेच असते, म्हणून कोणत्याही यंत्रणेत त्याला थेट बोलता येईल अशी जोडणी आधी ठेवावी लागेल. यंत्रे निवडताना आणखी एक स्थानिक अट आहे : नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणारे अतिक्षीण संदेश टिपणाऱ्या या तबकड्यांच्या परिसरात बिनतारी संवेदकांऐवजी तारेने किंवा प्रकाशतंतूने जोडलेली साधनेच वापरणे श्रेयस्कर.