मर्दानी खेळ आणि मार्कचा चषक

'मर्दानी खेळ' हा शब्दप्रयोग आपल्याकडे सहज होतो. नगरच्या तालमींच्या वातावरणात वाढलेल्या विद्यार्थ्यांना तर तो समजावून सांगावा लागत नाही. याच वर्गात तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' (१९८१) शिकवताना मात्र मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते. असेच एकदा, समलिंगी खेळाडूंची रग्बीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते असे आम्ही बोलता बोलता सांगितले, तेव्हा एकाने प्रांजळपणे विचारले, "सर, ते लोक रग्बी खेळू शकतात?" या प्रश्नात अज्ञान होते, पण त्याहून अधिक एक इतिहास होता.

इंग्लंडमधील निवासी शाळांनी रग्बीकडे 'पुरुष घडवणारा' खेळ म्हणून पाहिले. टॉमस ह्यूजच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' (१८५७) या कादंबरीने ही कल्पना घरोघरी नेली आणि साम्राज्याने ती समुद्रापार आणली. कलकत्त्यातील रग्बीचा क्लब मोडला तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवण्यात आला. नागांचे कान आणि झाकणावर हत्ती असलेल्या या 'कलकत्ता कप'साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून झुंजत आले आहेत. मुंबईत १८७५ साली बाँबे जिमखाना स्थापन झाला, पण जिमखान्याच्या हिरवळीपलीकडे हा खेळ दीर्घकाळ झिरपला नाही. खेळ झिरपला नाही, त्यामागची पौरुषाची कल्पना मात्र झिरपली, असे आम्हास वाटते.

त्या कल्पनेला पहिला संघटित छेद लंडनमध्ये गेला. १९९५ साली किंग्ज क्रॉस भागातील एका मद्यगृहात जमलेल्या काही मित्रांनी 'किंग्ज क्रॉस स्टीलर्स' हा समलिंगी पुरुषांचा रग्बी क्लब काढला. जगातला हा असा पहिला क्लब. त्यांनी वेगळे नियम मागितले नाहीत, सवलत मागितली नाही. इतरांच्याच साखळी स्पर्धांत ते उतरले, हरले, पुन्हा उतरले. २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत 'फॉग' हा संघ उभा राहिला. मार्क बिंगहॅम त्याच संघाचा.

बर्कलीच्या विद्यापीठ संघातून राष्ट्रीय विजेतेपद अनुभवलेला हा धिप्पाड खेळाडू ११ सप्टेंबर २००१ रोजी युनायटेडच्या ९३ क्रमांकाच्या विमानात होता. विमानातून आईला फोन करताना त्याने स्वतःचे नाव आडनावासकट सांगितले, ही गोष्ट पुढे अनेकांनी पुन्हा पुन्हा सांगितली. प्रवाशांनी अपहरणकर्त्यांचा प्रतिकार केला आणि विमान पेनसिल्व्हेनियातील शँक्सव्हिलजवळ कोसळले. त्या झटापटीत कोणी नेमके काय केले हे ठामपणे सांगता येत नाही, तरी प्रतिकार करणाऱ्यांत मार्क असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जून २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या स्मरणार्थ आठ संघांची स्पर्धा झाली. तोच 'बिंगहॅम चषक'.

येथे आम्हास एक खटकते. समाजाने या माणसाला स्वीकारले ते तो वीर ठरला म्हणून. वीरमरण आले नसते तर? मर्दानगीची परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेपुढे आणखी मोठ्या मर्दानगीचा दाखला ठेवणे, हा पराभवच नव्हे काय? स्पर्धेचा पुढचा इतिहास या शंकेला काही अंशी उत्तर देतो. दर दोन वर्षांनी लंडन, न्यूयॉर्क, डब्लिन, मँचेस्टर, सिडनी असा फिरत हा चषक २०१८ च्या जूनमध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला पोचला, तेव्हा संघांची संख्या सत्तरच्या आसपास होती. त्यांत कसलेले खेळाडू होते, तसे तिशीनंतर प्रथमच चेंडू हाती घेतलेलेही होते. शाळेत खेळाच्या तासाला टोमणे खाऊन मैदान सोडलेली माणसे चौथ्या दर्जाच्या गटात चिखल माखून घेऊ लागली. वीराच्या नावाचा चषक असा सामान्यांचा झाला. मार्कच्या आईच्या, अ‍ॅलिस होगलंड यांच्या, नावाचाही एक चषक त्यात खेळला जातो. २०२० मध्ये निधन होईपर्यंत त्या या चळवळीच्या जणू आईच होत्या.

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये सामने चालू असताना भारतात कलम ३७७ जिवंत होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. पुढल्याच वर्षी धावपटू द्युती चंद हिने आपले नाते जाहीरपणे सांगितले. मैदानावरचा भारतीय माणूस असे बोलू शकतो, हे तेव्हा दिसले.

कथा सरळ रेषेत पुढे गेली असे मात्र नाही. २०१५ मध्ये समलिंगी संघांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी करार करणाऱ्या 'वर्ल्ड रग्बी'नेच २०२० मध्ये पारलिंगी स्त्रियांना सर्वोच्च पातळीवरील स्त्रियांच्या रग्बीतून वगळण्याची भूमिका घेतली. दार कोणासाठी किती उघडायचे, हा वाद संपलेला नाही. ओटावाची २०२० ची स्पर्धा महासाथीमुळे २०२२ मध्ये झाली, त्यानंतर २०२४ मध्ये रोमची.

हे सारे वर्गात सांगून झाल्यावर प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण सर, पहिल्यांदा जिंकले कोण?" फॉग, मार्कचाच संघ. २००४ मध्ये लंडनलाही तेच. २००६ पासून सिडनीच्या 'कन्व्हिक्ट्स'नी त्यांना मागे टाकले. एवढे ऐकून त्याने वहीत काहीतरी टिपून घेतले. मागच्या बाकांवर त्या दिवशी कोणी हसले नाही.