अडीच गुंठ्यांची उन्हाळी शेती आणि मुळशीचं पाणी

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात गवार-भेंडीपासून करावी लागणार आहे.

मी आणि माझी बायको, दोघंही हिंजवडीत कोड लिहून पोट भरतो. गेली दोन वर्षं फेब्रुवारी ते मे आम्ही पौडच्या पुढे एका भातखाचराचा कोपरा करायला घेतो. गवार, भेंडी, काकडी, चवळी, थोडी कोथिंबीर. बांधाच्या कडेने झेंडू. एरवी हे खाचर भाताचं आहे, उन्हाळ्यात ते रिकामं पडतं आणि शेजारी विहीर आहे, म्हणून आमचं जमलं. मागे एका भागात मी हे सहज बोलून गेलो, तर त्यानंतर तुमचे इतके मेसेज आले की विचारू नका. बहुतेकांचा प्रश्न एकच. जमीन भाड्याने मिळते का, आणि करार कसा करता?

उत्तर ऐकून निराश व्हाल. करार नाहीये. कागदाचा एक कपटाही नाही. शब्दावर चाललंय. आणि ते असं का, हे सांगायचं तर १९५७ ला जावं लागतं आणि तिथून आणखी मागे, १९२१ ला.

त्याआधी एक छोटं गणित, कारण मला ते सापडलं तेव्हा फार मजा आली. इंग्लंडमध्ये शहरातल्या लोकांना भाजीपाल्यासाठी छोटे वाफे भाड्याने मिळतात, त्याला अलॉटमेंट म्हणतात. तिथला ठरलेला वाफा दहा रॉडचा. एक एकर म्हणजे १६० चौरस रॉड, म्हणजे दहा रॉड हा एकराचा सोळावा भाग. आपल्याकडे एकर म्हणजे ४० गुंठे. चाळीसला सोळाने भागा. अडीच गुंठे, पॉइंटनंतर काही उरत नाही. आमचा कोपरा मोजला तर तोही साधारण तेवढाच भरतो.

हा योगायोग नाहीये. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. इंग्रज मोजणीदारांची साखळी ६६ फुटांची, ती एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञाने १६२० मध्ये बसवली होती. मुंबई इलाख्यात तिची अर्धी, ३३ फुटांची साखळी वापरली आणि तिचे सोळा आणे पाडले. आजही म्हातारी माणसं जमिनीच्या मापात 'आणे' बोलतात ते तिथून आलंय. पुणे जिल्ह्यात पहिली मोठी मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली. त्याचा सारा इतका जड झाला की लोकं गावं सोडून गेली. मग १८३५ पासून इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. साखळीने जमीन मोजायची, नंबर द्यायचा, त्यासमोर एक नाव लिहायचं. तुमच्या फोनवर दिसणाऱ्या सातबाऱ्याचं मूळ हेच.

नाव लिहायचं, हे लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्या नावाचीच आहे.

इंग्लंडमध्ये अलॉटमेंट कुठून आली? तिथे गावाची सामाईक कुरणं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कुंपणं घालून खाजगी झाली. गुरं चारणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या गरिबांच्या हातात काही उरलं नाही. मग भरपाई म्हणा, दया म्हणा, त्यांना भाजीपाल्यापुरते तुकडे देण्याची पद्धत पडली. १९०८ च्या कायद्याने तर स्थानिक कौन्सिलवर जबाबदारीच टाकली. सहा जणांनी मिळून अर्ज केला तर त्याचा विचार करावाच लागतो. म्हणजे तिथे आधी जमीन गेली आणि मग वाफा मिळाला. मुळशीत पहिला भाग घडला. दुसरा घडला नाही.

आता मुळशी.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि पलीकडे कोकणात एकदम खाली उतार आहे. इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघितलं तर ही फुकटची बॅटरी आहे. टाटांनी ती बघितली. लोणावळ्याच्या तलावांवरून खोपोलीची वीज १९१५ मध्ये सुरू झाली, आंध्र खोऱ्याची भिवपुरीची १९२२ मध्ये. तिसरा नंबर मुळशीचा, मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला. पन्नासच्या वर गावं आणि दहा हजारांच्या आसपास माणसं त्यात येत होती. बुडणारी जमीन माळरान नव्हती, खोऱ्यातली सगळ्यात चांगली भातजमीन होती. आंबेमोहोर पिकायचा तिथे.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे होते पांडुरंग महादेव बापट. पुण्यात आणि मुंबईत ज्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि ज्यांच्या नावावर आपण रोज 'एसबी रोडला ट्रॅफिक आहे' एवढंच बोलतो, ते सेनापती बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना या सत्याग्रहातूनच मिळाली. जन्म पारनेरचा, १८८० चा. आपल्या जमातीसाठी एक माहिती: हा माणूस शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला होता. तिथून लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये पोचला आणि पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवायची विद्या शिकला. पुढे तोच माणूस मुळशीत मावळ्यांना घेऊन जमिनीवर बसून राहिला. यंत्र कळत असलेला माणूस यंत्राच्या विरोधात का उभा राहिला, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, धरणाचं गणित त्याला आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळत असणार.

गांधीजींनीही टाटांना उद्देशून 'यंग इंडिया'मध्ये लिहिलं. पहिल्या फेरीत काम थांबलंसुद्धा, पण पुढे ते पुन्हा सुरू झालं आणि मग अटका. बापटांबरोबर पुण्याचे विनायकराव भुस्कुटेही तुरुंगात गेले. तीन वर्षं हे चाललं. १९२४ च्या अखेरीला बापट आणि काही साथीदारांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, त्यात अहिंसेची चौकट मोडली आणि बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. बापट १९३१ मध्ये सुटले तेव्हा तलाव भरून काही पावसाळे झाले होते.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून दोन ओळी का होईना माहीत असते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर अख्खं पुस्तक लिहिलंय, त्याच्या इंग्रजी नावातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय. पण ते वाचताना मी अडकलो ते दुसऱ्याच जागी. खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर मावळ्यांची नव्हतीच. ती पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती. मावळा तीच जमीन पिढ्यान् पिढ्या कसत होता, पण कूळ म्हणून. सुरुवातीला सावकारही विरोधात होते. भाव ठरायला लागला तसे ते मोबदल्याकडे वळले. त्यांच्या दृष्टीने हिशोब सरळ होता, नाव त्यांचं आणि पैसा त्यांचा. ज्याने चिखल तुडवला त्याचं नाव साखळीवाल्याच्या वहीत नव्हतं. मग त्याने विरोध कशाच्या जोरावर करायचा? आणि मोबदला कशाचा मागायचा?

माझं स्पष्ट मत सांगतो, पटलं नाही तर लिहा. मुळशी सत्याग्रह आपण 'टाटा विरुद्ध शेतकरी' असा सांगतो आणि तो अर्धवट सांगतो. लढा आतूनही फुटला होता, आणि फुटला तो त्या वहीच्या रेषेवर.

ही रेष पुसायचा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. १९४८ चा कूळकायदा आला आणि मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं. 'बत्तीस ग' हा शब्द घरातल्या आजोबांसमोर उच्चारून बघा, एक तर त्यांचे डोळे चमकतील नाही तर कपाळाला आठी पडेल. कूळ होते की मालक, तेवढ्यावर कळेल. मुळशीच्या तळाला गेलेल्या जमिनीला मात्र हा कायदा तीस वर्षं उशिरा आला.

आणि इथे आमच्या गवारीचा संबंध येतो. त्याच कायद्यात आहे की दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाऊ शकतो. म्हणून आज कुठलाही शेतकरी भाडेकरार लिहून द्यायला धजत नाही. सत्तर वर्षं होत आली, धास्ती गेलेली नाही. विकत घ्यावी म्हटलं तर शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, तेही त्याच कायद्याचं कलम ६३. आम्ही दोघंही तीन पिढ्या नोकरदार घरातले. गरिबाला जमीन मिळावी म्हणून केलेला कायदा, आणि त्याच्यामुळे अडीच गुंठ्यांचा साधा भाडेकरार करता येत नाही. तरी मी त्या कायद्याला नावं ठेवणार नाही. १९२१ ची वही बघितल्यावर तर नाहीच.

आमचे जमीनमालक, त्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कागद-बिगद काय नाय हां. मिरगाच्या आत रान मोकळं कराया लागंल, भाताचं काम असतंय." मिरग म्हणजे मृग नक्षत्र, ७ जूनच्या सुमाराचं. मामींनी बायकोला बजावलं, "पोरी, कडंनी झेंडू लाव, नुसती भाजी लावू नको." बायकोला वाटलं शोभेसाठी. नंतर वाचलं तर झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात. गंमत म्हणजे झेंडू मूळचा मेक्सिकोचा, तिथूनच आलेल्या मिरचीसारखा. दसऱ्याला ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो आपल्याकडे तसा नवखाच.

एप्रिलमध्ये शेजारच्या तुकड्यात मामांनी राब भाजला. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पेटवायचं, त्या राखेत पुढे भाताचं रोप टाकायचं. त्या धुरात उभं राहून आम्ही काकड्या तोडल्या. दोघं ऑफिसमध्ये एकमेकांशी कॅलेंडर बघून बोलतो, इथे सकाळी सहाला पाटाचं पाणी फिरवताना भांडतो. भांडणं पाण्यावरूनच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात विहीर इतकी खाली गेली की पंप वीस मिनिटं चालायचा आणि हवा ओढायचा. भेंडी वाचवायची की चवळी? बायको म्हणाली भेंडी. चवळी गेली.

आणि तिथून गाडीने थोडं पुढे गेलं की तलाव. उन्हाळ्यातही पाणी असतं त्यात. पण ते पाणी पूर्वेला, म्हणजे पौडकडे येण्यासाठी साठवलेलंच नाही. ते बोगद्यातून पश्चिमेला जातं, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पडतं, वीज करतं आणि कुंडलिका नदीत सुटतं. तुमच्यापैकी कोणी कोलाडला राफ्टिंग केलंय? त्या नदीला उन्हाळ्यात लाटा असतात त्या भिऱ्याच्या पाण्याच्या. लाईफ जॅकेट घालून तुम्ही मुळशीच्या पावसात भिजला आहात. त्याच पाण्यावर खाली रोहा-माणगावकडे शेती होते, त्यामुळे पाणी वाया जातं असंही म्हणता येत नाही. मुळशीचं पाणी पुण्याकडे वळवा ही मागणी तर कित्येक वर्षांची आहे. त्या मागणीतही बहुतेक वेळा पुणं-पिंपरीचे नळ असतात, मुळशीतल्या विहिरी क्वचितच.

मामांचे आजोबा तलावाखाली गेलेल्या एका गावचे. मोबदला सावकाराला मिळाला आणि ते इकडे मजुरीला आले, असं मामा सांगतात. हे खाचर त्यांच्या वडिलांना '५७ नंतर मिळालं. म्हणजे ज्या कायद्यामुळे मामा मला कागद देत नाहीत, त्याच कायद्यामुळे मामांकडे द्यायला जमीन आहे.

आता सातबारा मामांच्या नावावर आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीचं अ‍ॅप आलंय, त्यात शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. मामांना ते जमत नव्हतं, मी भरून दिलं. पीक: भेंडी. खातेदार: मामा. ओटीपी त्यांच्या फोनवर आला. बरोबरच आहे ते.

गेल्या महिन्यात गावाच्या पलीकडच्या बाजूला रिंगरोडसाठीच्या मोजणीची चर्चा होती. मामांचं खाचर त्यात येतं की नाही, गावात रोज वेगळं ऐकू येतं. त्यांच्या मुलाला जमीन विकून चाकणला गाळा घ्यायचाय. 'मुळशी पॅटर्न' २०१८ मध्ये आला तेव्हा हा मुलगा शाळेत होता, डायलॉग त्याला पाठ आहेत. मामी विकायच्या विरोधात आहेत. मामा काही बोलत नाहीत.

४ जूनला आम्ही रान मोकळं केलं. वेल उपटले, मल्चिंगचा कागद गुंडाळला, झेंडूची वाळलेली फुलं बियाण्यासाठी पिशवीत भरली. पिशवी गाडीत ठेवताना बायकोने मामींना विचारलं, फेब्रुवारीत येऊ ना? मामी म्हणाल्या, "बी जपून ठेव. रान आसलं तर लावू, नायतर कुंडीत लाव."