गजाचे ऋण

व्हायोलिन ऐकताना आपले लक्ष तारांवर फिरणाऱ्या बोटांकडे असते. उजव्या हातातल्या गजाचा विचार सहसा कोणी करीत नाही. वास्तविक बोटे स्वर निवडतात. त्याला श्वास पुरवतो तो गज.

युरोपातील जुना गज धनुष्यासारखा बाहेर वाकलेला असे. त्याच्या टोकाशी जाता जाता आवाज क्षीण होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रान्स्वा तुर्त या कारागिराने नव्या गजाची घडण पक्की केली. तरुणपणी घड्याळकाम शिकलेला हा माणूस दांडा विस्तवावर शेकून आत, केसांच्या बाजूस वाकवी. लांबी सुमारे ७४-७५ सेंटिमीटर, वजन ६० ग्रॅमच्या आसपास. आता मुठीपासून टोकापर्यंत एकाच ओढीत आवाज भरदार राही; शिवाय मनगटाच्या हलक्या झटक्याने गज तारेवर उसळूही लागला. तुर्त १८३५ साली वारला. आपल्या गजांवर त्याने क्वचितच नाव घातले.

त्याने निवडलेले पेर्नांबुको लाकूड ब्राझीलचे. जड, तरीही लवचिक असे हे झाड आपल्याकडील पतंगाचे नातलग. दोघांपासूनही तांबडा रंग निघतो, आणि त्या रंगासाठीच पोर्तुगीजांनी ते लाकूड युरोपात नेले. त्याच पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुले व्हायोलिन शिकली. त्यांच्यापैकी कितीतरी वादक पुढे मुंबईस आले आणि दादर-परळच्या चित्रपट स्टुडिओंतील वाद्यवृंदांत बसले.

ख्याल गायकीची गरज मात्र वेगळी होती. तिला मींड हवी, आणि मींड मध्येच तुटून चालत नाही. गजाननराव जोशी (१९११-१९८७) हे स्वतः गवई. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम त्यांना मिळालेली. दामोदर केशव दातार (१९३२-२०१८) यांनीही व्हायोलिनवर गायकीच वाजवली. पॅरिसमध्ये ठरलेल्या त्या घडणीनेच लांब, सलग ओढीची सोय करून ठेवली होती. आपल्या कलावंतांनी तिच्यात विलंबित आलापीचा दम भरला.

अतोनात तोडीमुळे पेर्नांबुको आज दुर्मीळ झाला असून २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. तेव्हा मैफलीत वादकाला दाद देताना आपण दोघांचे ऋण मानले पाहिजे: नाव न घालणाऱ्या त्या कारागिराचे, आणि दूरच्या किनाऱ्यावरील त्या झाडाचे.