समुद्रात विसावलेल्या खलाशांचे मुंबईतील स्मारक

युद्धस्मारक म्हटले म्हणजे बंदूकधारी शिपायाची मूर्ती मनात येते. परंतु त्या शिपायास, त्याच्या धान्यास आणि दारूगोळ्यास रणभूमीपर्यंत कोणी वाहून नेले, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होम या वास्तूत या प्रश्नाचे उत्तर नोंदलेले आहे. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या आणि समुद्रावाचून ज्यांना दुसरी समाधी नाही, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे तेथे आहेत. काही आरमारातील, तर बाकीचे व्यापारी जहाजांवरील.

१९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१,६०० हिंदी खलाशी होते. म्हणजे दर सहा माणसांत एक आपला. रत्नागिरीकडील, गुजरात किनाऱ्यावरील, पंजाबातील आणि गोव्याचे लोक सारंग, तांडेल, सुखाणी, आगवाले, भंडारी अशा नात्यांनी बोटीवर चढत. पगार मात्र गोऱ्या खलाशाहून पुष्कळ कमी. त्यांत आगवाल्याचे काम सर्वांत कठीण. पाण्याच्या पातळीखाली, भट्टीसमोर, फावड्याने कोळसा लोटीत तो उभा असे. पाणसुरुंग जहाजाच्या कुशीत शिरला म्हणजे शिडी चढून वर येण्यास त्यास अवधी कोठून मिळणार?

३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईस येणारी 'पर्शिया' ही आगबोट क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने कोणतीही सूचना न देता बुडविली. भर दुपारी, उतारू भोजनास बसले असताना हा घाला पडला आणि काही मिनिटांत बोट दिसेनाशी झाली. ५१९ जणांपैकी ३४३ जण गेले. त्यांत हिंदी व गोमंतकीय नोकरवर्ग पुष्कळ होता. या बोटीची कथा आजही सांगतात, पण ती कपूरथळ्याच्या महाराजांच्या जवाहिरासाठी! महाराज स्वतः मार्सेय बंदरात उतरले होते. २००३ साली समुद्रतळातून काही रत्ने वरही काढण्यात आली. आगवाल्यांची कथा सांगणारा मात्र विरळा.

त्या युद्धात एकंदर ३,४२७ हिंदी खलाशी प्राणास मुकले व सुमारे १,२०० शत्रूच्या कैदेत पडले, असे अभ्यासक सांगतात. कलकत्त्यास हुगळीच्या काठी शंभर फूट उंचीचा मनोरा आहे. त्याच्या चारी अंगांस प्राचीन गलबतांच्या नाळी कोरल्या आहेत. १९२४ साली त्याचे अनावरण झाले. त्यावरील लेख ८९६ खलाशांचे स्मरण करतो. मनोरा देखणा खरा. तथापि माझ्या मते मोठेपण मुंबईचे, कारण येथे आकड्याऐवजी माणसे आहेत. लंडनमध्ये टॉवर हिलवर १९२८ साली उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील सुमारे बारा हजार नावे कोरली. आपल्या खलाशांची नावे मुंबईस ठेवली गेली.

दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार हिंदी खलाशांची नामावली ग्रंथरूपाने ठेविली आहे. तिची एक प्रत मुंबईस आणि तशीच दुसरी चितगावास आहे.

ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या घरी पणजोबा वा चुलत आजोबा "बोटीवर गेले ते आलेच नाहीत" एवढीच आठवण उरली आहे, त्यांनी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नामावलीत शोध घ्यावा. नावे इंग्रजी लिपीत आहेत व लेखकाच्या कानी पडली तशी उतरलेली असू शकतात. म्हणून एकाच नावाची दोनचार वळणे करून पाहावीत.